कनिष्ठ केंद्र क्रमांक चार

माझी सासुरवाडी सोनईची. तिथे जेवणाच्या पंगतीत माझे धाकटे मेहुणे दर वर्षी एकच प्रश्न विचारत, "दाजी, तुमी हापिसात नक्की करता तरी काय?" मी सांगत असे, "नावे ठेवतो." त्यावर पंगत हसे आणि कुणीतरी म्हणे, की हे काम आमच्या गावात घरटी एक माणूस बिनपगारी करतो.

उत्तर मात्र खरे होते. भिंगारच्या एका शाळेत अकरा वर्षे विज्ञान शिकवल्यानंतर मी पाटपाण्याशी संबंधित एका खात्याच्या संदेशवहन शाखेत गेलो आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिलो. खात्याचे, कालव्याचे आणि अधिकाऱ्यांचे नाव मी लिहिणार नाही. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील, आणि इतरांना त्याची गरज नाही.

माझे काम मानकांचे मसुदे तयार करण्याचे होते. मानक म्हणजे काय, हे शाळेच्या उदाहरणाने सांगतो. शाळेत घंटा कोण देणार, हजेरी कोण घेणार, मूल आजारी पडले तर त्याला घरी पाठवण्याचा निर्णय कोणाचा, हे आधी ठरलेले असते. ते माणसावर नव्हे, भूमिकेवर ठरलेले असते. शिपाई रजेवर असेल तर घंटा मी देतो. घंटेपुरता मी शिपाई. यंत्रांच्या जाळ्यातही असेच असते. तीन कंपन्यांचे डबे एकमेकांशी बोलायचे, तर कोणत्या डब्याने विचारायचे, कोणी उत्तर द्यायचे आणि निर्णय कोणाचा, हे एका दस्तऐवजात लिहावे लागते. तो दस्तऐवज म्हणजे मानक. त्यातल्या प्रत्येक भूमिकेला एक नाव लागते आणि ते नाव शोधणे हे माझे काम.

लोकांना वाटते की आज्ञावल्या लिहिणे कठीण आणि नाव देणे सोपे. माझा अनुभव उलटा आहे. आज्ञावली चुकली तर यंत्र बंद पडते, म्हणजे चूक त्याच दिवशी कळते. नाव चुकले तर यंत्र उत्तम चालते. चुकतात ती माणसे, आणि तीही काही वर्षांनी.

या धंद्यातला पहिला धडा मला मिरजगावात मिळाला. हवामानाचे संदेश शेतकऱ्यांच्या मोबाईलवर पाठवण्याची एक छोटी योजना होती. संदेश जिथे पोहोचतो त्या टोकाला आम्ही मानकात 'अंतिम बिंदू' म्हटले होते आणि कुणा उत्साही कारकुनाने तोच शब्द नोंदणीच्या अर्जावर छापला. पटका बांधलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी अर्ज दूर धरून वाचला आणि मला विचारले, "सायेब, अंतिम म्हंजे? आमचं आटपलं असं धरून चाललाय का तुमी?" सगळे हसले, मीही हसलो. परत येताना एसटीत मी वहीत लिहून ठेवले : नाव कागदावर राहत नाही, ते माणसाच्या अंगाला चिकटते. वाक्य मला फार आवडले होते. पुढे दोन प्रशिक्षणांत मी ते फळ्यावरही लिहिले. त्या वाक्याप्रमाणे वागण्याची वेळ आली तेव्हा मी काय केले, ते आता सांगायचे आहे.

कालव्याच्या दारांवर यंत्रे बसवण्याचे ठरले, तेव्हा मानक लिहिण्यासाठी एक समिती नेमली गेली. अध्यक्ष एक निवृत्त वरिष्ठ अभियंते, दोन विद्यमान अधिकारी, एक कंपनीचा प्रतिनिधी, आणि मी सदस्य-सचिव. वाचकांसाठी कालव्याची रचना थोडक्यात सांगतो. मोठ्या कालव्यातून चाऱ्या निघतात. प्रत्येक चारीच्या तोंडाशी लोखंडी दार असते आणि त्या दारावर एक माणूस असतो. त्याला पाटकरी म्हणतात. दार वर-खाली करायला एक लांब हँडल लागते. जुन्या काळी हे हँडल पाटकरी संध्याकाळी खांद्यावर टाकून घरी नेत असे. साहेबाची जीप आली तरी हँडल पाटकऱ्याच्या दारामागून आणावे लागे. पाणी किती सोडायचे हे वरून सांगितले जाई. पण चारी भरून भराव ओला दिसू लागला की दार खाली पाडून पाणी बंद करण्यासाठी पाटकरी कुणाला विचारत नसे. पाणी त्याच्या डोळ्यांसमोर असे, साहेबाच्या नव्हे. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. हँडल ज्याच्या घरी, शब्द त्याचा.

मसुदा करण्यापूर्वी मी आठ-दहा पाटकऱ्यांना भेटलो. चार नंबरच्या चारीवर भाऊसाहेब होते. पन्नाशीचा, सडपातळ, हळू बोलणारा माणूस. मी त्यांना माझी आकृती दाखवली : एक डबा मुख्य केंद्रात, एक डबा दारावर. यांना काय म्हणावे, असे विचारले. त्यांनी आधी एका आणि मग दुसऱ्या डब्यावर बोट ठेवले.

"गुरुजी, ह्यातला एक मागतो आन् एक राखतो. बास की. दुसरं काय हाय?"

"वरचा कोण, खालचा कोण?" मी मुद्दाम विचारले.

"वर-खाली कुठून आलं? मागनारानं मागावं. चारीला सोसंल तेवढं राखनारानं द्यावं. फुटायला लागली तर राखनारानं बंद करावं. त्यो मागनारा काय बघायला येतोय व्हय हितं?"

त्या चार-पाच वाक्यांत आमच्या मानकाची चाळीस पाने होती. मी घरी येऊन स्वच्छ अक्षरात लिहिले : मागणी केंद्र आणि राखण केंद्र. राखण हा शब्द शेतात रोजचा. कुणालाही समजावून सांगावा लागणार नाही. आणि मुख्य म्हणजे तो भूमिकेचे काम सांगतो, पायरी सांगत नाही.

समितीपुढे जो इंग्रजी मसुदा आला होता, त्यातल्या भूमिकांच्या नावांचा सरळ अर्थ 'धनी' आणि 'गुलाम' असा होता. संगणकाच्या क्षेत्रात ते शब्द वर्षानुवर्षे वापरात होते. मी पहिल्याच बैठकीत हरकत घेतली. यंत्रांनाही ही नावे शोभत नाहीत, आणि तांत्रिकदृष्ट्याही ती चूक आहेत, कारण दार बंद करण्याचा शेवटचा निर्णय ज्याला आपण गुलाम म्हणतो त्याचाच आहे, असे मी मुद्देसूद मांडले. समितीने ते मान्य केले. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर त्याची चार ओळींची बातमी आली. आमच्या जुन्या शाळेने बोलावून मला शाल आणि नारळ दिला. मी ही गोष्ट सांगतो आहे, कारण पुढच्या बैठकीला मी ती शाल जणू अंगावर घेऊनच गेलो होतो.

त्या बैठकीत मी 'मागणी' आणि 'राखण' ही नावे मांडली. अध्यक्षांनी चष्मा काढला.

"राखण? गुरुजी, आपण दारावर यंत्र बसवतोय का बुजगावणं?"

सगळे हसले. मग त्यांनी मला प्रेमाने समजावले. खात्यात कोण वर आणि कोण खाली हे कळल्याशिवाय फाईल हलत नाही. धनी-गुलाम नको, मान्य. मग 'वरिष्ठ केंद्र' आणि 'कनिष्ठ केंद्र' म्हणा. सभ्य शब्द आहेत, सेवापुस्तकातलेच आहेत. कंपनीच्या प्रतिनिधीने मान डोलावली. मी म्हणालो की कलम नऊप्रमाणे पाणी दारापाशी रंगवलेल्या तांबड्या खुणेच्या वर गेले, तर दारावरच्या केंद्राने, म्हणजे तिथल्या पाटकऱ्याने, कुणाचीही वाट न पाहता दार बंद करायचे आहे. मग ते कनिष्ठ कसे? अध्यक्ष म्हणाले, "कलम आहे ना? मग झालं. नावाने काय होतंय?"

नावाने काय होते हे सांगण्यासाठीच मला तिथे नेमले होते. मी गप्प बसलो. एक लढाई जिंकली होती, दुसरीसाठी माणसे दुखवावीत असे वाटले नाही. बुजगावण्याचा विनोद पुन्हा होईल ही धास्तीही होती. इतिवृत्त मीच लिहीत असे. त्यात मी 'सर्वानुमते' असा शब्द घातला. पुढच्या बैठकीत रिवाजाप्रमाणे मागील इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. वाचले मीच.

यंत्रे बसली. दारावरच्या प्रत्येक डब्यावर पिवळ्या पट्टीवर काळ्या अक्षरांत नाव आले : कनिष्ठ केंद्र क्रमांक एक, दोन, तीन, चार. डब्याला एक लाल बटण होते. ते दाबले की दार बंद. आता मोटर असल्यामुळे हँडलांची गरज उरली नाही, म्हणून ती सर्व पाटकऱ्यांकडून मागवून भांडारात जमा केली आणि प्रत्येकाला त्याची पोच दिली.

थोड्याच महिन्यांत पाटकऱ्यांनाच लोक 'कनिष्ठ केंद्र' म्हणू लागले. मुख्य केंद्रातले कर्मचारी फोनवर म्हणत, "कनिष्ठ चार, ऐकू येतंय का?" आणि हे कर्मचारी वयाने व नोकरीने भाऊसाहेबांच्या अर्धेही नव्हते. मी हे कानांनी ऐकले. वहीतले ते आवडते वाक्य मला आठवले नाही असे म्हणणे खोटे ठरेल.

पहिल्या वर्षीच्या उन्हाळी आवर्तनात, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळीत, भाऊसाहेबांनी भराव ओला दिसला म्हणून बटण दाबून दार बंद केले आणि मग फोन केला. त्या वेळी पाणी खुणेच्या चार बोटे खाली होते. त्यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली : वरिष्ठ केंद्राच्या आदेशाविना कनिष्ठ केंद्राने परस्पर कार्यवाही केली. त्यांनी लेखी दिलगिरी व्यक्त केली आणि प्रकरण मिटले. मला हे तेव्हा कळले नाही.

दुसऱ्या वर्षी, भर दुपारी, चार नंबर चारीच्या खालच्या अंगाला कुणीतरी दगड आणि पाचट टाकून पाणी अडवले. पाणी तुंबून मागे चढू लागले. तांबडी खूण बुडाली. भाऊसाहेबांनी मुख्य केंद्राला फोन लावला. तिथला कर्मचारी आढावा बैठकीसाठी आकडे घेऊन साहेबांच्या दालनात गेला होता. त्यांनी पुन्हा लावला. एकूण अकरा वेळा लावला. पाऊण तास ते लाल बटणापासून दोन हातांवर उभे होते. मग भराव फुटला.

माणूस कुणी गेला नाही. पण भाऊसाहेबांच्याच भावकीतल्या एका कुटुंबाची कांदा साठवण्याची चाळ आडवी झाली, विहीर गाळाने बुजली, आणि दोन एकर काळी माती वाहून खालचा मुरूम उघडा पडला. दहा-बारा पिढ्यांनी सांभाळलेली माती पाऊण तासात गेली. गावात वाक्य एकच झाले : भाऊसाहेबानं चारी फोडली.

चौकशी नगरला झाली. मानकाचा जाणकार म्हणून मला बोलावले होते. व्हरांड्यात बाकावर भाऊसाहेब बसले होते, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. त्यांनी पिशवीतून आदल्या वर्षीची नोटीस काढून माझ्या हातात दिली. मी ती उभ्याउभ्या दोनदा वाचली.

"हे तुम्ही आत दाखवलंत?"

"दावलं. म्हनले, ते परकरन येगळं. तवा पानी खुनंच्या खाली हुतं, आता वर हुतं." त्यांनी नोटीस परत घेऊन पिशवीत ठेवली. "गुरुजी, कनिष्ठानं वरिष्ठाच्या आधी हात लावायचा नसतो, हे मला येकदा लिहून आलेलं. दुसऱ्यांदा कोन लावंल?"

मी म्हणालो की मी आत सांगतो.

"नोकरी गेली तर जाऊ द्या," ते म्हणाले. "मला येक ओळ पायजे, कागदावर. ह्याच्याकडून कसूर झाली न्हाई, येवढीच. भावकीत वाचून दाखवीन. माज्या चुलतभावाच्या घरी जायचं हाय मला, गुरुजी. तोंड घिऊन जायचं हाय."

मला आत बोलावण्यात आले. चौकशी अधिकारी सभ्य होते. त्यांनी मानकाची प्रत माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, "कलम नऊप्रमाणे खूण ओलांडल्यावर दार बंद करण्याचा अधिकार कनिष्ठ केंद्राला आहे की नाही?"

मी म्हणालो, "आहे."

"स्वतःहून?"

"हो."

"आभारी आहे."

शाळेत अकरा वर्षे मी मुलांना एक गोष्ट घोटून शिकवली होती : प्रश्न नीट वाचा, विचारले असेल तेवढेच लिहा, पाल्हाळ लावू नका. मी पाल्हाळ लावले नाही. अधिकार कलमाने दिला होता आणि नावाने काढून घेतला होता, ते नाव समितीने माझ्या आक्षेपानंतरही ठेवले होते, आणि तो आक्षेप इतिवृत्तात नाही कारण मीच तो लिहिला नाही, हे सगळे सांगायला तीन वाक्ये पुरली असती. तिसरे वाक्य मला अडवत होते. दोन्ही उत्तरे अचूक होती. मी उठलो. बाहेर भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिले, आणि मी घड्याळाकडे.

त्यांना सक्तीने निवृत्त करण्यात आले.

दीड वर्षानंतर मानकाची सुधारित आवृत्ती निघाली. अध्यक्ष नवे होते, वयाने तरुण. त्यांनी जुनी टिपणे चाळली, 'मागणी केंद्र' आणि 'राखण केंद्र' हे शब्द वाचले आणि म्हणाले, "हे किती स्पष्ट आहे! आधी का नाही घेतले?" पिवळ्या पट्ट्या बदलल्या. सुधारित आवृत्तीत प्रत्येक बदलाखाली एक टीप लिहावी लागते : बदल आशयाचा आहे की केवळ शब्दांचा. कलमे तीच होती, अधिकार तेच होते. मी रीतीप्रमाणे टीप लिहिली : 'केवळ स्पष्टतेसाठी शब्दबदल. भूमिकांच्या अधिकारांत व कर्तव्यांत कोणताही फरक नाही.'

भाऊसाहेबांनी अपील केले होते, हे मला ठाऊक होते. त्यांच्या वतीने कुणीतरी मुद्दा मांडला होता की खात्याने नाव बदलले, म्हणजे आधीचे नाव दिशाभूल करणारे होते हे खात्यालाच मान्य आहे. अपील फेटाळताना निकालात माझी टीप शब्दशः उतरवली होती. माझ्या कारकिर्दीत माझे लेखन इतके अचूकपणे कुणी उद्धृत केले नव्हते.

निवृत्तीनंतर वर्षभराने मी मिरजगावला गेलो. गाव सोडून भाऊसाहेब तिथे आले होते. हमरस्त्यावर त्यांच्या भाच्याचे पाण्याचे पंप दुरुस्त करण्याचे दुकान आहे. तिथे ते सुटे भाग मांडून ठेवण्याचे काम करतात. प्रत्येक खणावर खडूने नाव लिहिलेले होते. 'बुश', 'सील', 'वाटी'. मी ती रांग पाहत उभा राहिलो. एवढी चांगली मांडणी मला माझ्या मानकांत क्वचितच साधली.

वहिनींनी आतून चहा पाठवला. ऊस, पाऊस, माझे गुडघे, असे बोलणे झाले. मग भाऊसाहेबांनीच विचारले.

"आता त्या डब्याला काय म्हनत्यात?"

"राखण केंद्र."

ते हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिले. "माजाच शब्द की ह्यो."

"तुमचाच."

"आन् काम? बदाललं का?"

"नाही. काम तेच आहे."

"म्हंजी तवाबी राखनच हुती." त्यांनी हातातले सील खणात ठेवले. "मंग गुरुजी, त्या दिवशी मी कोन हुतो?"

या वेळी मी पाल्हाळ लावले. समिती, बुजगावणे, इतिवृत्त, व्हरांडा, ती टीप, सगळे सांगितले. मी थांबलो तेव्हा त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने हात पुसले, दुकानाच्या बिलबुकातले एक कोरे पान फाडले आणि पेन माझ्यापुढे केले.

मी लिहिले, की चार नंबर चारीवर त्या दिवशी जे घडले त्यात भाऊसाहेबांकडून कसूर झाली नाही. कसूर मानकातील नावाची होती, आणि ते नाव चूक आहे हे माहीत असून मी ते कायम होऊ दिले. खाली सही केली, पूर्ण नाव आणि पूर्वीचे पद लिहिले.

त्यांनी कागद उजेडाकडे धरून ओठ हलवत दोनदा वाचला. मग उलटा करून मागची बाजू पाहिली.

"गुरुजी," ते म्हणाले, "शिक्का कुठंय?"

शिक्का मी निवृत्तीच्या दिवशी भांडारात जमा केला होता, आणि नियमाप्रमाणे त्याची पोच घेतली होती.